दहा मिनिटं पुढे

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

‘अनेक आशीर्वाद’ लिहून खोडलं, ते वर दिसतंच आहे. बावीस वर्षांनी पत्र लिहिताना आशीर्वाद द्यायचा की नमस्कार घालायचा, हे ठरेना. तू आता एकोणपन्नासचा, म्हणजे ‘चिरंजीव’ लिहितानाही हसूच येतं. पण तुझं लहानपणीचं नाक मी पुसलेलं आहे, तेव्हा ‘चि.’ राहू दे.

तुझा पत्ता आचारीकाकांनी दिला. तू त्यांना दरवर्षी एक कार्ड पाठवतोस, हे त्यांनी मला इतकी वर्षं कळू दिलं नाही. मी म्हटलं, “माझ्याच स्वयंपाकघरात बसून माझ्याच भावाची कार्डं लपवता होय?” तर कढईतून मान वर न करता म्हणाले, “तू विचारलंस कुठे?”

आता कामाचं. आपली इमारत पाडायची आहे. आपली एकटीच नाही, शेजारच्या लॉजपासून कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत अख्खी ओळ. समोरचं बसस्थानक तीन वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर नेलं, आणि इथली हॉटेलं एकेक करून बंद पडली. बस नाही म्हणून प्रवासी नाही, आणि प्रवासी नाही तर चहा कोण पिणार? बेकरी आधी गेली, मग लॉज. आपण तेवढे राहिलो, आणि त्यात माझा हट्ट जास्त आहे, धंदा कमी. आता इथे चौदा मजले होणार आहेत. आपल्याला तळमजल्यावर एक गाळा मिळेल आणि वर राहायला घर. बाबांनी इमारत दोघांच्या नावावर केली होती, त्यामुळे घोडं तुझ्या सहीपाशी अडलंय. संमतीपत्र सोबत आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करून पाठव.

घड्याळ अजून गल्ल्याच्या वर तिथेच आहे. परवा एक कॉलेजातली मुलगी मोबाइल बघून म्हणाली, “काकू, तुमचं घड्याळ दहा मिनिटं चुकतंय.” मी म्हटलं, “चुकत नाही बाई, घाई करतं.” मग तिला सगळं सांगितलं. बाबांनी ते मुद्दाम पुढे लावलं होतं, म्हणजे जेवणाऱ्याने वर बघावं, दचकावं, हात धुवावेत आणि बस गाठावी. इथे जेवलेल्या कुणाची बस कधी चुकली नाही, हा बाबांचा तोरा. घरच्या आपण तिघांनी तेवढे मनातल्या मनात दहा वजा करायचे. मुलगी म्हणाली, “किती गोड!” तिला पुढचं सांगितलं नाही.

पुढच्याबद्दल तुला एवढंच लिहिते की मी मनात काही ठेवलेलं नाही. घड्याळाचं तुझ्या हातून जे झालं ते रागाच्या भरात झालं असेल. बाबांना जाऊन बावीस वर्षं झाली. झालं गेलं गंगेला मिळालं.

सही निळ्या शाईने कर. वकीलसाहेबांचं तसं म्हणणं आहे.

ताई


२१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

उत्तर नाही. सही नसली तरी दोन ओळी पाठवायला तुझं काय जात होतं? मी वकीलसाहेबांना सांगितलंय, भाऊ कामात असतो. तुझं काम काय हेसुद्धा मला नीट माहीत नाही. आचारीकाका म्हणतात, छापखान्यात आहेस. मी तेच सांगितलं, वर थोडं वाढवून.

शेजारचं लॉज पाडायला सुरुवात झाली. समोरची भिंत काढल्यावर आतल्या खोल्या रस्त्यावरून दिसायला लागल्या. एक निळी, एक हिरवी, एकीला नुसता चुना. तिसऱ्या मजल्यावर हात धुवायचं भांडं भिंतीला तसंच लटकतंय आणि त्याच्यावर आरसा. काल उन्हाचा कवडसा त्या आरशातून थेट आपल्या टेबलांवर पडला. आचारीकाका म्हणाले, “लॉजवाला जाता जाता दिवा देऊन गेला.” तो लॉजवाला आयुष्यात कुणाला साधी काडीपेटी देत नव्हता.

जुनं फर्निचर घेणारा एक माणूस येऊन सगळं ठोकून बघून गेला. खुर्च्या नेईन म्हणतो, टेबलांचे पाय नेईन म्हणतो, वरच्या सहा खोल्यांमधल्या लोखंडी खाटाही. स्टूल मात्र मी त्याला दाखवलं नाही. तेच ते, एक पाय आखूड असलेलं. घड्याळाचा सेल बदलायला मी वर चढायची आणि तू खालून दोन्ही हातांनी ते धरायचास. दर वेळी म्हणायचास, “ताई, वजन वाढलंय.” तेव्हा नव्हतं वाढलं. आता वाढलंय.

त्या दिवशी शेजारच्या टेबलावर एक छत्रीवाला माणूस बसला होता, तुला आठवतो का? सूप घेत होता. वर घड्याळ बघून अर्धं सूप टाकून पळाला आणि त्याने बस गाठली. मी त्याचा चेहरासुद्धा नीट बघितला नाही, पण अलीकडे का कुणास ठाऊक, तोच आठवत राहतो. असो. नको ते विषय कशाला.

शेवटचा दिवस २७ मार्च, शुक्रवार. आलास तर मी नाही म्हणणार नाही. म्हणजे ये.

ताई


९ मार्च

चि. धाकट्यास,

पाकीट मिळालं. सही बरोबर जागी आहे. हक्कसोडपत्रही मिळालं. वकीलसाहेब म्हणाले, आता सगळंच सोपं झालं.

चिठ्ठी वाचली. तब्येतीला जप.

ताई


१० मार्च

धाकट्या,

कालचं पत्र तुझ्याकडे आधी पोचेल. ते फाडून टाक. तसलं पत्र मी दुसऱ्या कुणाचं वाचलं असतं तर त्या बाईच्या तोंडाकडे पुन्हा बघितलं नसतं.

तुझी चिठ्ठी माझ्यासमोर आहे. एवढीशीच आहे, मला पाठ झाली. ‘माझा वाटा तुझ्या नावावर करून घे, मला त्यातलं काही नको. इतकी वर्षं तुम्ही सगळे म्हणालात, म्हणून आता मलाही वाटतं की ते घड्याळ मीच लावलं असेन. स्टूल डुगडुगल्याचं मला अजून आठवतं. बाबांची माफी मागायची राहिली, तुझी मागतो.’

घड्याळ मी लावलं होतं.

हे एक वाक्य लिहायला बावीस वर्षं लागली, आणि आता लिहिल्यावर बघते तर चारच शब्द.

त्या दिवशी सकाळी घड्याळ बंद पडलं होतं. तू समोर तिकिटं काढायला गेला होतास आणि बाबा वर बॅग भरत होते. आज मोठ्या शहरात जायचं, उद्या सकाळी दवाखान्यात भरती, परवा ऑपरेशन, सगळं ठरलेलं. मी म्हटलं, बाबा खाली आले आणि घड्याळ बंद दिसलं तर त्यांच्या मनात भलतंसलतं येईल. म्हणून एकटीच स्टुलावर चढले. नवा सेल घातला, रेडिओवर बातम्या लागत होत्या, त्यांच्या ठोक्यावर काटे जुळवले. दहा मिनिटं पुढे करायचं विसरले. एका हाताने भिंत धरली होती आणि सगळं लक्ष पायाखाली होतं, कारण स्टूल धरायला तू नव्हतास. उतरले आणि कांदे चिरायला गेले. मी काही केलंय हे माझ्या गावीही नव्हतं.

मग दुपारी तुम्ही दोघं बॅग घेऊन बसलात. बस चारची. त्या दिवशी आपलं घड्याळ जन्मात पहिल्यांदा खरी वेळ सांगत होतं आणि आपण तिघं त्यातून दहा वजा करत होतो. घड्याळात चार वाजायला आले तेव्हा बाबा म्हणाले, “आहेत अजून दहा मिनिटं,” आणि तू दुसरा चहा मागितलास. तो छत्रीवाला परका होता. त्याने घड्याळ बघितलं, विश्वास ठेवला आणि बस गाठली. त्या घड्याळावर अख्ख्या गावाने बस गाठली असती. चुकली ती फक्त आपली.

तुझा तो दुसरा चहा बघ जरा. ज्याने स्वतः घड्याळ बरोबर लावलंय तो दुसरा चहा मागेल का? हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं, आणि कळलंही होतं. तुम्ही रिकाम्या फलाटावरून बॅग घेऊन परत आलात. बाबांनी वर बघितलं आणि विचारलं, “घड्याळाला हात कुणी लावला?” तेव्हाच मला सकाळचं स्टूल आठवलं. मी तोंड उघडलंही होतं. पण स्वयंपाकघरातून आचारीकाका बोलून गेले, “मागल्या आठवड्यात तुमचं दोघांचं यावरूनच वाजलं होतं ना?” कारण तूच म्हणाला होतास की लोकांना खोटी वेळ दाखवायची ही कसली रीत, एक दिवस मीच सरळ करतो. बाबा तुझ्याकडे वळले. “पोरा, एवढा राग धरलास?” म्हणाले. आणि मला, लिहायला लाज वाटते पण लिहिते, मला सुटल्यासारखं वाटलं.

तू म्हणालास, “बाबा, मी हात लावला नाही.” मी मूग गिळून उभी होते.

पुढचं तुला माहीत आहे. पुढची बस रात्रीची, ती वाटेत बंद पडली, तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलात. मोठे डॉक्टर आठ दिवसांसाठी बाहेरगावी जायला निघाले होते, ते म्हणाले, परत आल्यावर करू. बाबा सहाव्या दिवशी गेले. मीही मागून तिकडे आले होते; आपण परत आल्यावर तू गल्ल्यापाशी उभा राहून मला म्हणालास, “ताई, तू तरी सांग सगळ्यांना, मी नव्हतं लावलं.” आणि मी काय म्हटलं? “आता त्याचा काय उपयोग.” तू दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेलास. तुला वाटलं, मीही तुलाच दोषी धरते. मी तुझी समजूत तशीच राहू दिली. आधी वाटलं आठ दिवसांनी सांगू, मग वाटलं तू परत आल्यावर सांगू, आणि मग तुझ्या न येण्याचाच राग धरून बसले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर चोर गल्ल्यावर बसला होता.

अजून एक आहे, तेही आजच सांगून टाकते. दोन वर्षांनी मी एकटी त्या डॉक्टरांकडे गेले होते. ते म्हणाले, हृदय इतकं थकलेलं होतं की ऑपरेशन वेळेवर झालं असतं तरी बहुधा हेच झालं असतं. हे तुला कळवलं असतं तर तुझ्या मनावरचं ओझं तरी उतरलं असतं. नाही कळवलं. मी विचारायला का गेले होते, हे मग सांगावं लागलं असतं.

आणि गेल्या महिन्यात तुला लिहिते काय, तर मी मनात काही ठेवलेलं नाही! माझ्या जिभेला काही हाड आहे की नाही?

स्टुलाचं ऐक. ते डुगडुगल्याचं तुला आठवतं, ते बरोबरच आहे. पण ते तुझ्या पायाखाली डुगडुगलेलं नाही, तुझ्या हातात डुगडुगलेलं आहे. तू दर वेळी ते धरून उभा असायचास. वर कधीच चढला नाहीस, उंचीला घाबरायचास, अजून घाबरत असशील. एवढं मनातून काढून टाक. बाकी माझ्याबद्दल काय वाटून घ्यायचं ते घे.

हक्कसोडपत्र परत पाठवते आहे. गाळा दोघांचा आहे. संमतीपत्र ठेवून घेते. ही इमारत आता तशीही राहत नाही, तिला टेकू लावून मी तरी किती दिवस उभी राहणार?

माफी मागत नाही. तू चांगला आहेस, लगेच देऊन टाकशील, आणि इतक्या स्वस्तात मला ती नको.

आचारीकाकांना आज सांगितलं. त्यांनी हातातला झारा खाली ठेवला. संध्याकाळी जाताना दारात थांबून म्हणाले, “पहिला मीच बोललो होतो.” मग पायऱ्या उतरून गेले.

ताई


२७ मार्च, शुक्रवार

धाकट्या,

आज बंद केलं.

तुझं उत्तर नाही, आणि या खेपेला मला तक्रार करायला जागाही नाही. तरी दार वाजलं की मान वळत होती. आचारीकाकांनी दोनदा विचारलं, “कुणी यायचंय का?” मी म्हटलं, “गिऱ्हाईक.” ते म्हणाले, “गिऱ्हाइकासाठी तू कधी केस विंचरलेस?” तोंडाळपणा त्यांनी शेवटच्या दिवशीही सोडला नाही.

बरेच लोक आले. स्थानकावरचे जुने ड्रायव्हर, कंडक्टर, तिकीटखिडकीवरची बाई. ती आता आजी झाली आहे. सगळ्यांनी घड्याळाखाली उभं राहून फोटो काढले. एकाने विचारलं, “घड्याळ मला देता का? आठवण म्हणून.” ओठांवर आलेला होकार मी गिळला. ते माझ्या एकटीचं नाही. कुणाकुणाला बाबांच्या तोऱ्याची आठवण होती. एक ड्रायव्हर म्हणाला, “इथे जेवलेल्या माणसाची बस कधी चुकली नाही.” मी म्हटलं, “एकदा चुकली.” आणि त्याला सांगितलं. चार लोकांत, मोठ्याने, कुणामुळे चुकली तेही. ड्रायव्हरने टोपी काढून टेबलावर ठेवली, परत घातली, आणि चहा संपवला. तुझ्या नावाला जिथे डाग लागला तिथेच तो पुसायचा होता. ऐकणारे तेव्हाचे सगळे नव्हते, पण होते त्यांनी ऐकलं.

सोमवारी, सहा तारखेला, सकाळी दहाला बिल्डरच्या माणसाला किल्ल्या द्यायच्या आहेत. तोवर मी इथेच वरच्या खोलीत आहे. फोन अजून चालू आहे, तोच जुना नंबर. मी हे नुसतं सांगते आहे.

ताई


३१ मार्च, मंगळवार

माझ्या धाकट्या,

आज दुपारी फर्निचरवाला खुर्च्या न्यायला आला होता. मी वर खाटांवरच्या गाद्या गुंडाळत होते. खाली फोन वाजला, बराच वेळ वाजला. जिना उतरेपर्यंत त्यानेच उचलला आणि ठेवलाही. तो चांगलाच वैतागला होता.

मला म्हणाला, “काय एकेक लोक असतात हो! मला विचारतो, समोर भिंतीवर घड्याळ आहे का? म्हटलं, आहे. किती वाजलेत त्यात? म्हटलं, चार वीस. तर म्हणतो, म्हणजे चार दहा. म्हटलं, अहो, मी डोळ्यांनी बघतोय, चार वीस! तर हसला की रडला कुणास ठाऊक.”

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसले.

“अजून काही म्हणाला?”

“हो. म्हणे, ताईला सांगा, घड्याळ काढायला एकटीने स्टुलावर चढू नकोस. मी येतोय धरायला.” मग खुर्ची खांद्यावर टाकत मला विचारलं, “कोण होतं?”

“माझा भाऊ,” मी म्हटलं. कितीतरी वर्षांनी हा शब्द तोंडातून सरळ बाहेर पडला.

फर्निचरवाल्याला स्टूल हवं होतं, तो कोपऱ्यात ते बघून आला होता. म्हणाला, एक पाय आखूड आहे, तसंच देऊन टाका. मी त्याला असं काही झापलं की तो बिचारा दोन खुर्च्या विसरून गेला. बरंच झालं. आपल्याला बसायला लागतील.

हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत तू कदाचित निघालेलाही असशील. नसलास तर ऐक, बस आता समोर थांबत नाही, बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर उतरावं लागतं, आणि तिथून रिक्षा. आचारीकाका उद्यापासून दोन वेळा येऊन चूल पेटवणार आहेत. कुणासाठी, ते सांगत नाहीत. घड्याळ भिंतीवर आहे आणि स्टूल त्याच्याखाली आणून ठेवलंय. मी चढलेली नाही. तू येऊन धरल्याशिवाय चढणार नाही.

आणि वजन वाढलंय. आधीच सांगून ठेवते.

तुझी ताई